एका कानाचं औषध

“अप्पा, दुसऱ्या कानाला न्हाय का मारायचा?” गंगम्मानं विचारलं.

शांतलिंगनं चिमटा पुसून पिशवीत टाकला. गंगम्माच्या देवणी गाईच्या डाव्या कानात पिवळा बिल्ला लोंबत होता.

“एक बी पुरंल की, अक्का,” तो म्हणाला आणि पुढच्या गोठ्याकडं वळला.

पुरणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. उमरग्याजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात तो एकतीस वर्षं परिचर होता. प्लॅस्टिकसारख्या त्या बिल्ल्यात माशा मारणारं औषध मुरवलेलं असतं. ते हळूहळू झिरपून चार महिने जनावराच्या अंगावर पसरत राहतं. पण दोन्ही कानांत एकेक हवा, असं डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं. चावऱ्या माशा लम्पी पसरवत होत्या, लस यायला वेळ होता. बिल्ले आले चाळीस आणि गावात जनावरंही चाळीसच. निम्म्या गोठ्यांवरून मान खाली घालून पुढं जाणं त्याच्यानं होईना. त्यानं सगळ्यांना एकेक मारला आणि मॅडमना सांगितलं, झालं सगळं.

तिसऱ्या आठवड्यात माशांच्या त्रासानं बैल पुन्हा पाय आपटू लागले. पोळ्याच्या आधीच लम्पी गावात शिरला. गंगम्माच्या गाईच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी उठल्या. शांतलिंग रोज सकाळी जाऊन जखमा धूत होता. नवव्या दिवशी गाय उठली नाही.

खड्ड्यात चुना पसरून तो वर आला. गंगम्मा काठावर उभी होती.

“अक्का, दोन बिल्ले लागत व्हते. मला ठावं व्हतं.”

“मग दुसरा कुठं गेला?”

“तुमच्या पुढच्या गोठ्यात, महादेवीच्या बैलाला मारला.”

“आन् त्यो बैल?”

“त्यो बी गेला परवा.”

“तवाच सांगायचं व्हतं, अप्पा. म्या रोज सांजसकाळ धूर केला असता. तुमी पुरंल म्हनलात, म्हून म्या निवांत बसले.”

दुपारी त्यानं मॅडमना खरं ते सांगितलं. त्यांनी कागदांतून मान वर केली नाही. “लेखी द्या,” एवढंच म्हणाल्या. त्याच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. त्यानं तिथंच बसून लिहून दिलं.

मग तो गावात परतला आणि दारोदार सांगत सुटला, “एक बिल्ला पुरत न्हाय. माझी चूक झाली. गोठ्यात कडुलिंबाचा धूर करा.” कुणी शिव्या दिल्या, कुणी तोंडावर दार लावलं.

गंगम्माचं दार टाळून जायचं त्याच्या मनात होतं. पण ती अंगणातच होती. दारच्या कडुलिंबाच्या डहाळ्या तोडून तिनं भारा बांधला होता. त्याच्या तोंडाकडं न बघता तिनं तो उचलून त्याच्या डोक्यावर दिला.

“महादेवीकडं अजून एक बैल हाय,” ती म्हणाली. “आदी तिकडं न्या.”