लॉइड हॅगर्टीचा हातमोजा

मी हातमोजा बोलतोय. एकटाच आहे, जोडीला दुसरा कधीच नव्हता. बेसबॉलमध्ये पहिल्या बेसवर जो उभा राहतो, त्याच्या डाव्या हातात मी असतो. फलंदाज चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे धावत सुटतो, मैदानातला कुणीतरी तो चेंडू उचलून आमच्याकडे फेकतो, आणि धावणारा पोचायच्या आत चेंडू माझ्या पोटात पडला की तो बाद. टाळ्या फेकणाऱ्याला मिळतात. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा मी फळीसारखा ताठ होतो. लॉइड हॅगर्टीनं मला तेल चोळलं, पोटात चेंडू घालून पट्ट्यानं आवळलं आणि गादीखाली ठेवून वर स्वतः झोपला. त्याची बायको म्हणाली, "चादरीला तेल लागतंय. इथे एक तर तो झोपेल, नाहीतर मी." लॉइडनं उत्तर द्यायला फार वेळ घेतला, असं ती पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगायची.

आमचे दिवस चांगले गेले. फुशारकी मारत नाही, पण जमिनीलगत येणारा चेंडू उचलण्यात आमचा हात धरणारा लीगमध्ये फारसा कुणी नव्हता.

सदतिसाव्या वर्षी लॉइडची बॅट रुसली. माझ्यात काही उणं नव्हतं, पण पहिल्या बेसवर माणूस ठेवतात तो टोलवण्यासाठी. नुसते झेलणारे पैशाला पासरी मिळतात. लॉइडनं दाढी वाढवली, मग काढली. बॅट बदलली. एक पायमोजा उलटा घालून पाहिला. एकदा टोला चांगला बसला त्या दिवशी कोंबडी खाल्ली होती म्हणून महिनाभर त्याच दुकानाची तळलेली कोंबडी खाल्ली. शिकलेसवरलेले लोकही अशा वेळी काय काय करतात, ते मी जवळून पाहिलंय. खरी गोष्ट साधी होती. वेगवान चेंडू त्याला उशिरा दिसायला लागला होता. सगळ्यांना कळत होतं, म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

बोलायचा तो एकटा रेजी. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळणारा, लॉइडचा जुना दोस्त.

"म्हाताऱ्या, चष्मा घे," बाकावर सूर्यफुलाच्या बिया फोडत तो म्हणायचा.

"आधी तू नेम धर. तुझ्या फेकी मातीतून उकरून काढताना माझी कंबर गेली."

लॉइडला आता एकच हवं होतं. हा हंगाम पुरा करायचा आणि स्वतःच्या तोंडानं 'थांबतो' म्हणायचं. कुणी काढायच्या आत.

एका रविवारी दुपारचा सामना होता. लॉइड नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी आला आणि आमच्या कपाटासमोर थबकला. शेजारच्या रिकाम्या कपाटात नवा कोरा शर्ट टांगलेला होता. पाठीवर नाव: ब्रिसेन्यो. खालच्या लीगमधला हा व्हेनेझुएलाचा पोरगा रात्रंदिवस बसचे धक्के खात गावोगाव खेळत होता आणि जिथे जाईल तिथे चेंडू कुंपणापार धाडत होता. तोही पहिल्या बेसवर. दोघांना जागा नसते.

मॅनेजर बर्ट हे लॉइडला सामन्यानंतर सांगणार होता. तोवर तो शर्ट बाहेर यायचाच नव्हता. पण कपड्यांचं बघणारा ऑगी नीटनेटका माणूस. इस्त्री झालेला शर्ट घडी घालून ठेवणं त्याच्या जिवावर आलं.

लॉइडनं शर्ट हँगरवर फिरवला, नाव भिंतीकडे केलं. तेवढ्यात ऑगी आला आणि पांढराफटक पडला.

"लॉइड, मला वाटलं की..."

"इस्त्री झकास झालीय, ऑगी. कॉफी आहे का?"

मग तो खेळायला गेला. इथे त्यानं षटकार-बिटकार मारला असं सांगता आलं असतं, पण तसं काही झालं नाही. तो प्रत्येक वेळी बाद झाला, शेवटी तर बॅटला चेंडू शिवलाही नाही. लोकांनी थोडी हुर्यो केली. रेजीची एक फेक मातीत आपटली, ती मात्र आम्ही पाय ताणून उचलली.

सामना संपल्यावर बर्टनं त्याला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार स्वतः लावून घेतलं. मी लॉइडच्या काखेत होतो.

"बस, लॉइड."

"उभाच बरा आहे. पोरगा कसा आहे?"

बर्टनं टोपी काढून टेबलावर ठेवली. "तुला कुणी सांगितलं?"

"कसा आहे ते सांग."

"बॅट चांगली आहे. पहिल्या बेसवर अजून कच्चा आहे. नुकताच तिसऱ्यावरून आणलाय."

"मग रेजीचं मरण आहे," लॉइड म्हणाला. त्यानं बर्टचा हात हातात घेतला आणि बाहेर आला. मला त्या वेळी फार वाईट वाटलं.

यॉर्विस ब्रिसेन्यो कपाटाशी बॅग घेऊन उभा होता. बसावं की नाही हे त्याला समजत नव्हतं. लॉइडनं त्याचा मोजा मागून घेतला, दाबून पाहिला. पुठ्ठ्यासारखा कडक.

"हा कधी मिळाला?"

"परवा, हॅगर्टीसाहेब."

"यात चेंडू टिकायचा नाही. फेकणार रेजी, सुटणार तुझ्याकडून, आणि चूक मांडली जाणार रेजीच्या नावावर. हा घे."

आमच्यात दुसऱ्याच्या मोज्यात कुणी हात घालत नाही. मोज्याचा आकार बिघडतो, आणि नशीबही, असं मानतात. यॉर्विसनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको, साहेब. तुमचा आहे."

"माझाच आहे. उसना देतोय. तुझा मऊ झाला की परत कर."

पहिले काही दिवस मी हट्टानं तसाच राहिलो. यॉर्विसचा पंजा मोठा, अंगठा खोल जायचा, चेंडू चुकीच्या जागी बसून त्याचा तळवा सुजायचा. तो बर्फ लावायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हात घालायचा, न कुरकुरता. रेजी खाली फेकायचा, आम्ही उचलायचो. यॉर्विसचा स्वतःचा मोजा केव्हाच मऊ झाला, पण तो बॅगेतच राहिला. मलाही आठवण करून द्यावीशी वाटली नाही.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात लॉइड आला. अंग थोडं सुटलं होतं, चेहरा निवांत होता. सराव चालू होता. यॉर्विस मला घेऊन धावतच त्याच्याकडे गेला.

"साहेब, तुमचा. फार उशीर केला मी."

लॉइडनं मला घातलं. तो हात मी झोपेतही ओळखला असता. मी मनापासून जागा करून द्यायला गेलो, पण त्याची बोटं माझ्या आत चाचपडत राहिली. रेजीनं लांबून एक चेंडू टाकला, अगदी सोपा, छातीएवढा. तो माझ्या काठावर आपटला आणि गवतावर पडला.

रेजीला काहीतरी टोमणा सुचला असणार. त्यानं वाकून बुटाची नाडी आवळली.

लॉइडनं वाकून चेंडू उचलला. "इतक्या लवकर?" तो म्हणाला. ते मलाच होतं. मग त्यानं मला काढलं आणि यॉर्विसच्या पोटाशी टेकवलं. "ठेव, पोरा. मला नाही बसत आता."

तेव्हापासून मी यॉर्विसचा. माझ्या शिवणी उसवायला लागल्यात, दोनदा नव्या वाद्या घातल्या. यॉर्विसही अधूनमधून उशिरा बॅट फिरवतो आणि खालच्या लीगमधली नावं ऐकून गप्प होतो. आपल्या ठिकाणी दुसरा आल्याचं दुःख माणसाला होतं, ते मी दोन्ही बाजूंनी पाहिलं. त्यावर मला काही उपाय सुचलेला नाही.

फक्त लॉइडला एक सांगायचं राहिलं. मी थोडा आणखी ताठ राहायला हवं होतं असं तुला वाटलं असेल, तर मलाही तसंच वाटतं. पण लॉइड, चेंडू रोज येत होते.