बांधावरून बोलावलेला प्राण

माझा धाकटा भाऊ इनपेंग अकरा वर्षं भिक्खू होता. सणाला तो गाऊन प्रवचन करायचा, तेव्हा विहारातल्या म्हाताऱ्या तोंडातलं पान चघळायचं विसरत. पुढे चीवर उतरवून त्यानं संसार थाटला, पण गळा तोच राहिला. कुणी तापातून उठलं, कुणी नदीत बुडताना वाचलं, की गाव त्यालाच बोलावी. आमच्याकडे मानतात, माणसाच्या अंगात बत्तीस प्राण. भ्यालेलं माणूस घरी येतं, पण एखादा प्राण भीतीच्या जागीच अडकून राहतो. त्याला गाऊन हाक मारायची आणि मासे धरायच्या हातजाळीत अलगद झेलून घरी आणायचं.

दोन वर्षांपूर्वी एका गारठ्याच्या सकाळी इनपेंगनं शेतात शेकोटी पेटवली. त्या मातीखाली युद्धातला बॉम्ब होता, मुठीएवढा. डावा पाय गुडघ्याखाली गेला.

तो दवाखान्यात असतानाच त्याचा प्राण बोलवायला शेजारच्या गावचे खामसीकाका आले. मातीत आणखी बॉम्ब असतील म्हणून शेतात लाल खुंट रोवलेले, आत जायची बंदी. काका बांधावरूनच गायले, मीही बांधावरच जाळी फिरवली. घरी जिन्याशी भावजय बुआवाननं रीतीप्रमाणे विचारलं, "आला का?" मी म्हटलं, "आला." तिचा चेहरा पाहून मला दुसरं काही बोलवेना.

नवा पाय मिळाला, छान बसला. पण इनपेंग खांबांवरच्या त्या घरातून खाली मातीवर उतरेना. चुलीत लाकूड तडकलं की ताटासकट आडवा पडायचा. शेवटी बुआवान माझ्याकडे येऊन भात शिजवू लागली. गाणं तर संपलंच. शेजारी खालून चिडवत, जमिनीला पाय लावायचा नाही असा नवस केलाय की काय? तो वरून म्हणायचा, निम्मा फिटलाय. सगळे हसायचे. मग तो आत जाऊन भिंतीला पाठ लावून बसायचा.

यंदा बॉम्ब काढणारी माणसं आली आणि शेत मोकळं करून खुंट घेऊन गेली. त्या दुपारी इनपेंगनं मला वर बोलावलं.

"ताई, जाळी कुठे फिरवलीस तेव्हा?"

मी खरं ते सांगितलं. तो चिडला नाही.

"तरीच," तो म्हणाला. "डोळे मिटले की मी तिथेच उभा असतो. हाका मारतो. पण इथे बसलेल्याला ऐकूच येत नाही."

मग तो जिना उतरला. जाळी घेऊन मी पुढे, तो मागे, माझ्या पावलावर पाऊल ठेवून. चिखलवाट ओलांडायला आम्हाला अर्धी दुपार लागली.

त्या जागी गवत वाढलं होतं. आपला प्राण आपल्यालाच बोलवता येत नाही, म्हणून गायचं मला होतं. जन्मभर पहाटेपासून विहारात बसून भिक्खूंनी गायलेली प्रवचनं कानांत साठवली, पण तोंड कधी उघडलं नव्हतं. आवाज चिरकला.

"तिथे श्वास तोडू नकोस गं," तो डोळे मिटून म्हणाला. "घाबरेल तो."

मी पुन्हा सूर धरला. त्याचं नाव घेऊन हाक मारली, घरी ये म्हटलं. तोच त्यानं माझं मनगट घट्ट पकडलं. त्याचं तोंड पलीकडच्या टेकडीकडे होतं.

"ताई, एकटा नाहीये तो."

कोण, ते मी विचारलं नाही. आमच्या जन्माआधी, त्या युद्धात बॉम्ब पडत असताना, याच टेकडीखालून माणसं पोरंबाळं घेऊन पळाली होती. सगळी पोचली नव्हती.

दुसऱ्यांसाठी गायला त्याला बंदी नव्हती. त्यानं गळा उघडला. आधी नुसती खरखर, मग हळूहळू तो सूर, दोन वर्षांत न ऐकलेला. नावं माहीत नव्हती, म्हणून तो म्हणत राहिला, जे कोणी असाल ते या, उजेड आहे तोवर या. मी जाळी फिरवत होते, खांदे भरून आले तरी.

परतताना तो माझ्यापुढे होता. पण दर दहा-बारा पावलांवर थांबायचा, मागे वळायचा आणि वाट बघत उभा राहायचा, मागून येणाऱ्यांत कुणी लहान असावं तसा.