तोंडात दोरा

काकूंनी दोऱ्याचं एक टोक दातांत धरलं, फास बोटांवर घेतला आणि त्या हेडबाईंच्या डाव्या भुवईवर वाकल्या. हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्या खुर्चीत मान मागे टाकून, दोन्ही हातांनी स्वतःचीच पापणी ताणून धरून पडल्या होत्या. गल्ल्यामागे सून संगणकापाशी बसली होती. तिने विचारलं,

"आई, सगळं तयार आहे. पाठवू का?"

दोरा दातांत असला की काकू बोलत नसत. बोलायचं तर दोरा सोडावा लागतो, आणि अर्ध्या भुवईत दोरा सोडला की कातडीला चिमटा बसतो. मान तेवढी हलत होती. पुढे-मागे, पुढे-मागे, दोऱ्याच्या चालीवर. ती पाहून सुनेने कळ दाबली. कागद सरकल्यासारखा बारीक आवाज झाला.

"गेलं. एकदम सगळ्यांना."

भुवई पुरी झाल्यावर काकूंनी दोरा सोडला आणि काय गेलं म्हणून विचारलं. सून म्हणाली, गिऱ्हाइकांना ईमेल. आणि आता असं काय विचारता, तुम्हीच तर हो म्हणालात.

"मी कधी?"

"मान हलवलीत की."

हेडबाई डोळे मिटूनच हसल्या.

"अगं, भुवया कोरताना ही बाई सगळ्या जगाला हो म्हणते. नवऱ्याला सोडू का म्हणून मी एकदा विचारलं, तर त्यालाही हो म्हणाली होती."

समोरच्या कोपऱ्यावर काचेचं मोठं पार्लर उघडल्यापासून काकूंच्या दोन खुर्च्यांपैकी एक बहुतेक रिकामीच असे. सून लग्नाआधी कचेरीत कामाला होती. तिनेच हे काढलं होतं. येणाऱ्या प्रत्येकीकडून ईमेलचा पत्ता मागून घ्यायचा, आणि जी बरेच दिवस फिरकली नाही तिला आठवण द्यायची. काकूंना ते पटत नव्हतं. गिऱ्हाईक म्हणजे काय चुकलेली म्हैस आहे का हाका मारत हिंडायला, असं त्या म्हणाल्या होत्या. पण रिकामी खुर्ची त्यांनाही दिसत होती, म्हणून पुढे काही बोलल्या नाहीत.

आता त्या हात पुसत संगणकाच्या पडद्यासमोर आल्या. वर लिहिलं होतं, 'तुमची आठवण येते'. खाली दोन फोटो होते, एकाच बाईचे, मागून काढलेले. पहिल्यात कमरेच्या खाली पोचलेली जाड वेणी होती. दुसऱ्यात वेणी नव्हती. कानांच्या पाळीपर्यंत कापलेले, तांबूस रंगवलेले केस, उघडी मान, मानेवर एक तीळ आणि तिळाखाली जुन्या भाजल्याचा चंद्रकोरीसारखा डाग.

काकूंचा हात आपोआप स्वतःच्या मानेकडे गेला.

"हा कधी काढलास?"

"त्याच दिवशी. तुम्ही केस झाडत होतात तेव्हा. किती फरक पडला बघा ना. आणि चेहरा कुठे दिसतोय? मुद्दाम मागून काढला."

"सगळ्यांना गेलं म्हणजे... तिलाही?"

"वेणीवालीला? गेलं की. तिचाच फोटो, तिला उलट बरं वाटेल."

गेलेलं परत बोलावता येतं का, असं काकूंनी विचारलं. सुनेला हसू आलं. ती म्हणाली, आई, हा बाण आहे, सुटला की सुटला.

वेणीवाली गेली कित्येक वर्षं यायची. फक्त टोकं कापून घ्यायची, तीही नवऱ्याने बोटाने दाखवून दिली असतील तेवढीच. बोलायची कमी. दंडावरचे वळ कधी बाहीखाली झाकून, कधी न झाकता बसायची. ईमेलचा पत्ता मागितला तेव्हा ती सुनेला म्हणाली होती, "आमच्या यांनीच काढून दिलाय बाई, मला तर पासवर्डसुद्धा माहीत नाही," आणि दोघी हसल्या होत्या. एकदा ती पोलिसांकडेही जाऊन आली होती. त्यांनी तिला चहा पाजला, नवऱ्याला बोलावून घेतलं आणि तिला त्याच्या हवाली केलं. हे तिने काकूंना आरशात बघून सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

मग एक दिवस ती दुपारच्या उन्हात आली आणि म्हणाली, सगळे कापा. काकूंनी काही विचारलं नाही. कापलेली वेणी वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिली. ती म्हणाली, ही माझ्या आत्याने वाढवलीय, रोज तेल लावून, कधीतरी तिलाच नेऊन देईन. बंदराच्या गावात काकूंची जुनी मैत्रीण पार्लर चालवत होती. दोघी एकाच बाईच्या हाताखाली शिकलेल्या. तिचा पत्ता काकूंनी चिठ्ठीवर न लिहिता तोंडीच सांगितला आणि दोनदा म्हणून घेतला. दारात वेणीवाली थांबली.

"जाते, काकू."

"अगं, येते म्हणावं."

"नाही. आज जातेच."

हे काकूंनी कुणालाही सांगितलं नव्हतं, सुनेलाही नाही. वेणीवालीने तसं वचनच घेतलं होतं. सकाळी दुकानाची कडी काढताना, आज जिभेवर खोटं येऊ देणार नाही, असं त्या मनाशी म्हणत. कैक वर्षांचा हा नेम. न सांगणं हे खोटं नव्हे, एवढा आधार त्यांनी त्यात शोधला होता.

दुसऱ्या दिवसापासून उत्तरं येऊ लागली आणि सून हरखली. एकीने लग्नघरासाठी सकाळ मागितली होती. एकीला मुलीला घेऊन यायचं होतं. हेडबाईंनी तर आलेला मजकूरच तपासून परत पाठवला होता. तीन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते आणि शेवटी शेरा होता: 'आशय चांगला, घाई नडली.' सून एकेक उत्तर मोठ्याने वाचत होती आणि काकू टॉवेलांच्या घड्या घालत ऐकत होत्या.

"आणि वेणीवालीशी तर कालपासून गप्पा चालल्यात माझ्या."

काकूंच्या हातातली घडी तशीच राहिली.

"वाच."

सून वाचू लागली. पहिल्यांदा आलं होतं, छान दिसतंय, हे कधी केलं? सुनेने लिहिलं होतं, अहो ताई, स्वतःचेच केस विसरलात की काय, आणि गमतीने दिवस आणि रंग दोन्ही कळवले होते. त्यावर आजचं उत्तर आलं होतं.

"गुरुवारी येते, चार वाजता. मागच्या वेळी माझ्यासोबत कोण होतं?"

वाचता वाचताच सुनेचा आवाज खाली आला. तिने ते पुन्हा एकदा मनात वाचलं. मग काकूंकडे पाहिलं.

"आई, असं कुणी स्वतःबद्दल विचारतं का?"

काकूंनी दार लावून घेतलं आणि जेवढं सांगायला हवं होतं तेवढं सांगितलं. सून खाली बसली. तिने काही लिहू नये, बरं नाही की वाईट नाही, एवढंच त्यांनी बजावलं. मग बंदरावर फोन लावला. मैत्रिणीला म्हणाल्या, तिला सांग, त्याने फोटो पाहिलाय, आता केस कसे आहेत ते त्याला ठाऊक झालंय. मैत्रीण म्हणाली, सांगते.

गुरुवारी हेडबाई उजव्या भुवईचा एक चुकार केस राहिलाय म्हणून आल्या. केस काही राहिला नव्हता. सुनेने त्यांच्या कानावर घातलं होतं, आणि चार वाजता दुकानात दोनच बायका असू नयेत, असा त्यांनी स्वतःच निकाल दिला होता. काकूंनी दोरा दातांत धरला. पहिला फास टाकला तेवढ्यात दारावरची घंटी वाजली.

तो आत आला तो पायपुसण्यावर चपला नीट पुसून. इस्त्रीचा सदरा, तेल लावून बसवलेले केस. आवाज मऊ होता.

"नमस्कार. माझ्या मिसेसची चारची वेळ आहे."

सून म्हणाली की त्या आलेल्या नाहीत. तो म्हणाला, हरकत नाही, थांबतो, आणि रिकाम्या खुर्चीत बसला. समोरच्या फळीवर कंगवे वेडेवाकडे पडले होते. ते त्याने एकेक करून सरळ लावले, लहानापासून मोठ्यापर्यंत. कात्री उचलून पाहिली आणि तीही कंगव्यांशेजारी सरळ ठेवली.

"हीच का ती?"

सून गल्ल्यातली चिल्लर मोजू लागली. त्यालाही उत्तराची घाई नव्हती. तो आरशातून काकूंकडे बघत बोलू लागला. लग्नात तिची वेणी गुडघ्यापर्यंत होती म्हणाला. टोकांपलीकडे आपण कधी कात्री लावू दिली नाही. घरात उशीवर, मोरीत, तिचा गळलेला केस दिसला तरी आपल्याला चैन पडत नसे. माणसं हल्ली दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूंना विचारल्याशिवाय हात लावतात, असंही म्हणाला, आणि हसला. हेडबाईंनी ताणून धरलेल्या पापणीवरची बोटं पांढरी पडली होती.

"फोटो चांगला आला तुमचा. मानेवरचा डाग अगदी स्पष्ट. म्हणून तर ओळखलं."

दोरा चालत होता. मधमाशीसारखा आवाज येत होता.

"माहेरी जाऊन आलो मी. बहिणीकडे जाऊन आलो. आता एकच घर उरलंय." त्याने खुर्ची वळवली. आता तो आरशातून नाही, सरळ बघत होता. "डोंगरावर तिची आत्या असते, एकटीच. तिकडेच गेलीय ना ती?"

काकूंना मान थांबवता आली असती. दोरा सोडून, माहीत नाही म्हणता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं. सांगणार नाही म्हणता आलं असतं, पण मग तो तिथून उठला नसता. त्यांनी काहीच केलं नाही. मान हलत होती तशीच हलत राहिली. पुढे-मागे, पुढे-मागे.

त्याने ती बराच वेळ पाहिली.

"बरं," तो उठत म्हणाला. खुर्ची होती तशी फिरवून ठेवली. दारात वळला.

"येतो मी."

घंटी वाजली आणि थांबली. दोरा मात्र चालूच होता. शेवटी हेडबाईंनी पापणीवरचा हात काढून काकूंचं मनगट धरलं.

"भुवई कधीच संपली माझी."

काकूंनी दोरा सोडला. उजवी भुवई टाचणीने ओढलेल्या रेघेएवढी उरली होती. हेडबाईंनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, वाढेल.

"आई, तुम्ही त्याला हो म्हणालात?" सुनेने विचारलं.

"मी कुठे काय म्हणाले?"

हे त्या म्हणाल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर किंचित, अगदी किंचित, समाधान होतं. पदराने ओठांना लागलेली पावडर पुसत त्यांनी फोन उचलला. बंदराचं गाव एका टोकाला आणि डोंगर दुसऱ्या. आता तो उलट्या दिशेला निघाला, निदान चार दिवस तरी तिला सुखाची झोप लागेल, हे मैत्रिणीला सांगायचं होतं. आत्याला तो काही करणार नाही. म्हाताऱ्या बाईला कोण काय करतं, असं फोनची रिंग वाजत असताना त्यांनी स्वतःला दोनदा समजावलं.

मैत्रिणीने फोन घेतला. तिनेच आधी बोलायला सुरुवात केली. काकू ऐकत राहिल्या. सून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. हेडबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"कधी?" काकूंनी विचारलं.

पलीकडचा आवाज त्या शांत दुकानात सगळ्यांना ऐकू येत होता. तुझा फोन आल्यापासून हबकली होती गं. म्हणाली, तुमची नि काकूंची मैत्री त्याला कळली तर तो इथेच येईल, मी तुमच्या घरावर संकट आणणार नाही. आज पहाटेच गेली डोंगरावर, आत्याकडे. ती वर्तमानपत्राची गुंडाळी तेवढी घेतलीन बरोबर. आता तिथे फोन नाही, आणि हिने आपला कधीच टाकून दिलाय. तिकडे कोण शोधायला जाणार, म्हणाली.

काकूंनी फोन खाली ठेवला. फळीवर कंगवे लहानापासून मोठ्यापर्यंत सरळ रांगेत होते.

"डोंगराची गाडी किती वाजता सुटते?"

"पाचला," हेडबाई म्हणाल्या. "शेवटची तीच." मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पण त्याच गाडीत तो असेल."

काकूंनी मान हलवली. या वेळी दातांत दोरा नव्हता. एप्रन काढून त्या रोज खुंटीला अडकवत. आज तो खुर्चीवरच राहिला. चपला घालताना त्यांचा डावा-उजवा चुकला आणि त्यांनी तो पुन्हा नीट केला. सून गल्ल्यामागून बाहेर आली, आई, थांबा, मी पण येते, असं काहीतरी म्हणत. तोवर त्या पायरी उतरल्याही होत्या.

दारावरची घंटी बराच वेळ हलत राहिली. सून उंबऱ्यात उभी होती. सासूबाई कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या तरी दारातून वळून 'येते गं' म्हणत. आताही म्हणाल्या असतील, रस्त्याच्या आवाजात आपल्याला ऐकू आलं नसेल, असं तिने हेडबाईंना सांगितलं.

हेडबाईंनी खुर्चीवरचा एप्रन उचलून खुंटीला अडकवला.