चावी मागायची नाही

सकाळी कामावर निघताना मावशी फक्त चूळ भरायची. चहासुद्धा अर्धाच कप. कपडे शिवण्याच्या कारखान्यात इस्त्री करता करता तिची एकोणीस वर्षं गेली होती आणि तेवढ्या वर्षांत तिने संडासाची चावी एकदाही मागितली नव्हती. सगळा इस्त्री विभाग हे कौतुकाने सांगायचा. नवी बाई कामाला लागली की तिला आधी मावशीसमोर उभं करत, इस्त्री कशी धरायची ते मागाहून.

"आल्यावर दोन घोट, जेवताना दोन घोट. बाकी घरी गेल्यावर पोटभर पी," मावशी सांगायची. "सुरुवातीला डोकं दुखतं. मग शरीर ऐकायला लागतं."

शरीर ऐकायला लागतं म्हणे! बाईच्या शरीराला ऐकून घेण्याशिवाय दुसरं काही कधी शिकवलंय का कोणी?

बायकांचा संडास एकच, पुरुषांच्या पॅकिंगच्या टेबलांपलीकडे. त्याला कुलूप आणि चावी सुपरवायझरच्या गळ्यात. चावी हवी असेल तर सगळ्यांच्या देखत तिथवर चालत जायचं, भिंतीवरच्या फळ्यावर नाव आणि वेळ लिहायची, आणि वर त्याचं "काय बाई, परत? आत्ताच तर जाऊन आलात!" हे ऐकायचं. की पॅकिंगवाले खो खो हसायला मोकळे. लाज वाटायला हवी ती चावी गळ्यात मिरवणाऱ्याला, पण वाटायची मागणारीला. जी मागत नाही ती घरंदाज. जी मागते तिच्याबद्दल बायकाच कुजबुजायच्या आणि त्यात मावशीही असायची.

लेक शाळेत जायला लागल्यावर मावशीची सूनही याच विभागात आली. पहिल्याच आठवड्यात तिने दोनदा चावी मागितली. त्या संध्याकाळी भाजी चिरता चिरता मावशीने तिला सुनावलं, "लोक माझं नाव घेतात गं तिथे. तू माझं नाक कापू नकोस." सुनेने मान डोलावली. ती हसरी, समंजस पोरगी होती. पुन्हा चावी मागायला गेली नाही.

त्या वर्षी उन्हाची लाट आली ती हटायलाच तयार नव्हती. दुपारी बाहेर पडू नका, तहान नसली तरी पाणी पीत राहा, असं रेडिओ सारखा बजावत होता. तसाच एक छापील कागद कारखान्याच्या दारावरही लागला. तो चिकटवायला सुपरवायझरच आला होता, गळ्यातल्या चावीसकट.

वर पत्रा, खाली वाफेच्या आठ इस्त्र्या. पंख्याने पातळ कापड उडतं म्हणून पंखे बंद. लाटेच्या चौथ्या दिवशी जेवायच्या सुट्टीआधीच सून मावशीच्या टेबलाला टेकून उभी राहिली.

"आई, गरगरतंय मला. पाणी देता?"

मावशीने बाटली पुढे केली. सुनेने तोंडाला लावली ती सोडेचना.

"पुरे," मावशीने बाटली काढून घेतली. "मग दुपारभर काय करशील?"

"अजून थोडं द्या ना."

"सुट्टीपर्यंत कळ काढ. अर्धा तास तर राहिलाय. आम्ही नाही का काढत?"

सून परत आपल्या टेबलाशी गेली. थोड्या वेळाने ती एकच बाही पुन्हा पुन्हा इस्त्री करायला लागली. शेजारणीने हटकलं तर "लेकीचा डबा भरतेय" म्हणाली. शेजारीण हसली. मावशीने सुनेच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं होतं आणि कोरडं ठणठणीत, त्या भट्टीत घामाचा एक थेंब नाही. मावशीला वाटलं, ताप आलाय. "सुट्टीत गोळी घे," ती म्हणाली. सुट्टीची घंटा व्हायच्या आत सून टेबलाखाली कोसळली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी भराभर ओले कपडे गुंडाळले, सलाईन लावलं. "घाम थांबला तेव्हाच तिला गार जागी निजवून अंगावर पाणी ओतायचं होतं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून किती पाणी प्यायली होती?"

मावशीच्या हातात ती बाटली अजून तशीच होती.

"ती पाणी पीतच नव्हती हो फारसं," मावशी म्हणाली. "सवयच नव्हती तिला."

सून दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मुलाने आईच्या गळ्यात पडून विचारलं, "एकाएकी असं कसं झालं गं?" मावशीने त्यालाही तेच सांगितलं. खोटं एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगताना जीभ अडखळत नाही.

महिन्याभराने मावशी कामावर परतली. विभागात गार पाण्याचं नवं कोरं यंत्र बसलं होतं. त्या दिवशी मालक स्वतः आले, बायकांच्या आरोग्याची आपल्याला किती काळजी आहे यावर बोलले आणि प्रत्येकीच्या हातात भरलेला ग्लास देऊन गेले. त्यांची पाठ वळली तशी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकेकीने आपला ग्लास इस्त्रीच्या टाकीत ओतला. इस्त्र्या पाणी प्यायल्या. संडासाचं कुलूप होतं तिथेच होतं.

"मावशी, तुमचंही टाकू का ओतून?" शेजारणीने विचारलं. "सासू असावी तर तुमच्यासारखी हो. पोरीला किती जपलं तुम्ही!"

मावशीने इस्त्री बाजूला ठेवली. तिने ग्लास तोंडाला लावला आणि रिकामा केला. यंत्रापाशी जाऊन दुसरा प्यायला, मग तिसरा. थोड्या वेळाने ती पॅकिंगच्या टेबलांमधून थेट सुपरवायझरसमोर जाऊन उभी राहिली.

"मला लघवीला जायचंय. चावी दे."

पॅकिंगवाल्यांचे हात थांबले. सुपरवायझर गोरामोरा झाला. "मावशी, तुम्ही? अहो, निदान फळ्यावर..."

"फळ्यावर तू लिही. मला घाई आहे."

चावी परत द्यायला मात्र मावशी गेली नाही. बायकांच्या टेबलांपाशी खिळा होता, तिथे तिने ती अडकवली आणि इस्त्री हातात घेतली. दिवसभरात दोघी उठल्या. बाकीच्यांनी मान वर केली नाही. जे शिकवायला एकोणीस वर्षं लागली ते एका दिवसात कसं पुसलं जाणार? तरी घरी जाताना मावशीला वाटत होतं, आपल्या हातून थोडं तरी फिटलं.

घरात पाऊल टाकलं तर नात माठाशी उभी होती, दप्तर पाठीवर तसंच. घटाघटा पाणी पीत होती. एक पेला झाला, दुसरा झाला. श्वास घ्यायलासुद्धा थांबेना.

"अगं, हळू! शाळेत पाणी नाही का प्यायलीस?"

"शाळेत नाही प्यायचं," नात तोंड पुसत म्हणाली. "मुलींच्या संडासाला कडी नाहीये. मुलं दार ढकलतात. मग आईच म्हणाली होती, पाणीच नको पिऊस. आजीला जमतं, तर तुलाही जमेल." आणि मोठ्या फुशारकीने तिने पुढे सांगितलं, "जमतं मला."

मावशीने तिच्या पाठीवरचं दप्तर उतरवलं आणि तिसरा पेला भरून तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. नातीचा हात धरून शाळेत गेली. मुख्याध्यापकांनी खुर्ची पुढे केली, सुनेबद्दल हळहळ व्यक्त केली, ऊन फार वाईट होतं म्हणाले.

"उन्हाने नाही मेली ती," मावशी म्हणाली. महिनाभर दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं. "ती पाणी मागत होती आणि मी बाटली हिसकावून घेतली. माझ्या सुनेला मी मारलं, गुरुजी. हिला तुम्ही मारू नका. चला, मुलींचा संडास कुठे आहे तो दाखवा मला."