शून्य अर्जांची खिडकी

उन्हाळ्यात पोरी मामाच्या गावाला जातात, मी तालुक्यातल्या एका सरकारी ऑफिसात गेले. कॉलेजने बजावलं होतं, दोन महिने प्रशिक्षण करा आणि एकतीस मेपर्यंत सहीचं प्रमाणपत्र घ्या. नाही घेतलं तर चार क्रेडिट गेले, आणि त्यांच्या मागे अख्खं वर्ष. माझं, म्हणजे उर्वशी फुलसिंग राठोडचं, सगळं त्या एका कागदावर टांगलेलं होतं.

पहिल्याच दिवशी हेडक्लार्क ढोले बडेबाबूंनी कूलरसमोर बसवून गुरुमंत्र दिला. "हे पाय बेटा, आवक नंबर पडला का कागद आपल्या बोकांडी बसते. जावक नंबर पडला का आपन सुटलो. मधातलं सारं देवाच्या हाती." त्यांच्या मागच्या फळ्यावर लिहिलं होतं: प्रलंबित अर्ज - ०. हे शून्य त्यांनी तीन वर्षं जपलं होतं, अंगणातली तुळस जपावी तसं.

शून्य टिकवायची रीत सोपी होती. अर्ज आतच घ्यायचा नाही. खिडकीत मी बसायची आणि खोट काढायची. फोटो जुना आहे. झेरॉक्स पुसट आहे. सही निळ्या शाईत पाहिजे. त्यात माझं अक्षर सुरेख, म्हणून मी कागदपत्रांची यादीच करून खिडकीला चिकटवली. "मारेगावपासून उमरखेडपर्यंत अशी पोरगी भेटनार नाही," बडेबाबू म्हणाले. मी फुगले. खोटं कशाला बोलू?

अडचण एकच, जमनीकाकी. आमच्याच तांड्यावरची, आमच्या घरामागे घर. नात बबिता तिच्याकडे राहायला आली होती, तिचं नाव रेशनकार्डात चढवायचं होतं. तीनदा मी तिला परत पाठवलं. चौथ्यांदा ती सगळं घेऊन आली, निळी सहीसुद्धा. खोट सापडेना. मागून बडेबाबू खाकरले. मग मी यादीत तिथल्या तिथे नववा मुद्दा लिहिला: अर्जदाराला ओळखणारी त्याच गावची व्यक्ती समक्ष हजर पाहिजे.

"काहून वं, तू वळखत नाही का मले?" काकीने विचारलं.

"मले मालूम हाय काकी. ऑफिसले मालूम नाही." तेव्हा हे उत्तर मला फार हुशारीचं वाटलं होतं.

एकतीस मे उजाडला. दुपारी चारला मी माझं प्रमाणपत्र टाइप करून बडेबाबूंपुढे ठेवलं. साहेबांची सही तेवढी बाकी होती.

"अर्ज कुठी हाय?" बडेबाबूंनी विचारलं.

अर्ज लिहून दिला. त्यांनी चष्मा लावला, खिडकीवरची यादी सोडवून आणली आणि एकेका मुद्द्यावर बोट ठेवत गेले. आठ पार पडले. नवव्यावर बोट थांबलं.

"गावचं मानूस?"

"बाबूजी, दोन महिने तुमच्याच समोर बसून हावो ना मी!"

"मले मालूम हाय बेटा. ऑफिसले मालूम नाही." आणि ते थट्टा करत नव्हते.

बाबाला फोन लावला, तर तो दारव्ह्याच्या बाजारात. यायला दोन तास, आणि ऑफिस पाचला बंद. मी रडकुंडीला आले होते आणि तेवढ्यात खिडकीबाहेर काकी दिसली. पाचव्यांदा. एकटीच. "कोनी येत नाही वं," ती म्हणाली, "समदे वखरनीले गेले."

कोणत्या तोंडाने तिची साक्ष मागणार होते? तरी मागितलं. लाज वाटली, पण वर्ष जाण्याची भीती लाजेपेक्षा मोठी होती.

काकी आत आली. "आजी, हिले वळखता का?" बडेबाबूंनी विचारलं. काकीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. इतका वेळ घेतला की मी दोनदा घड्याळ पाहिलं.

"फुलसिंगची छोरी हाय. हिची याडी, हिची माय, कापूस येचाले जाये तं दिवसभर माह्याच चुलीपाशी बसे. कशी नाही वळखनार? खिडकीत बसली का थोडी येगळी दिसते, बस." आणि तिने अंगठा पुढे केला.

बडेबाबू साहेबांची सही घेऊन आले. रोजच्यासारखा जावक नंबर मीच टाकला, शिक्का मारला. 'उमेदवाराने कार्यालयीन कामकाज उत्तमरीत्या आत्मसात केले आहे,' असं त्यात लिहिलं होतं. पाच वाजायला पाच मिनिटं होती.

मग मी दुसरी, आवकची वही उघडली. काकीच्या हातातला अर्ज घेतला, ओळखणारी व्यक्ती म्हणून स्वतःचं नाव-गाव लिहून सही केली, निळ्या शाईत. आवक नंबर टाकला आणि पोच काकीच्या हातात दिली.

"हे काय केलं वं?" बडेबाबू ताडकन उठले. "तू ऑफिसची मानूस. तुले साक्ष देता येते का?"

"ऑफिसची? ऑफिस तं मले वळखतच नोहतं."

त्यांचा हात माझ्या प्रमाणपत्राकडे गेला, पण जावक नंबर दिसला तसा थांबला. तो कागद सुटला होता. काकीचा बोकांडी बसला होता. दोन्ही त्यांच्याच मंत्राप्रमाणे.

मग बडेबाबू खडू शोधायला लागले. तीन वर्षांत तो लागलाच नव्हता, म्हणून सापडायला वेळ गेला. त्यांनी शून्य पुसलं आणि तिथे एक लिहिला.

काकी फळ्याकडे पाहत होती. "तो एक म्हंजे मी का वं?"

"हो काकी," मी म्हणाले. "आता ऑफिसलेही मालूम झालं."