पुलामागचा पत्ता मी फोडला नाही

मित्रांनो, मी एक जुना टेहळ्या रोबो आहे आणि सध्या रागात आहे. राग ओसरल्यावर बोलणार होतो, पण तो ओसरेना, म्हणून आत्ताच सांगतो.

माझा जन्म संगणकावरच्या एका खेळात झाला. त्यात इमारतीएवढे रोबो एकमेकांना फोडून काढतात. इतरांना तोफा मिळाल्या. मला डोक्यावर छत्रीसारखं रडार आणि पोटात जॅमर मिळाला. रडारनं शत्रू शोधायचा, जॅमरनं शत्रूचं रडार आंधळं करायचं, हे माझं काम. शाहूपुरीतल्या गेमिंग सेंटरात पोरं माझं चित्र बघायची आणि "ह्यो छत्रीवाला नगं" म्हणून पुढं जायची.

मग संघप्रिया आली. तिनं मलाच निवडलं. मी डोंगराआडून शत्रू दाखवायचो, बाकीचे मारायचे. आमचा संघ जिंकत गेला. कप्तान राजवर्धन तिला म्हणाला, "तुझा छत्रीवाला लई गुणाचा हाय." ते माझं पहिलं कौतुक. जपून ठेवलं आहे.

अंतिम सामन्याआधी मात्र त्यानं बजावलं, "आज हरलो तर छत्रीवाला बंद. तोफवाला घ्यायचा."

समोर गडहिंग्लजकडच्या दानेश्वरीचा संघ होता. खोली एकच, मध्ये प्लायवूडचा आडोसा. मी जीव तोडून जॅमर चालवला. तिच्या रडारवर नुसता धुरळा. राजवर्धनचा रोबो पडक्या पुलामागं असा लपला होता, की मलाही सापडला नसता.

आणि राजवर्धन खुर्चीवरून उठून आपल्याच पोरांना ओरडला, "आरं, पुलाच्या मागं हाय मी, या की समदी हिकडं!"

आडोशापलीकडं सगळ्यांनी ते ऐकलं. मग सगळी क्षेपणास्त्रं पुलावर आली.

"रडार झोपलं हुतं," हरल्यावर राजवर्धन म्हणाला.

"रडार जागंच हुतं," संघप्रिया म्हणाली. "तू बोंबललास. स्टँडापतोर ऐकू गेलं असंल."

"मग काय कुजबुजत लढायचं? आपण काय चोर हाय?"

सेंटरचे मालक दादासो काउंटरवरूनच म्हणाले, "पोरा, कुठला पूल ते मलाबी कळलं की."

उपयोग झाला नाही. माझ्या जागी तोफवाला आला. मला सोडायला तयार नव्हती, म्हणून संघप्रियाही बाहेर. ज्यानं तोंड उघडलं तो कप्तान राहिला, ज्यानं डोळे उघडे ठेवले तो अडगळीत गेला.

दानेश्वरीनं तिला जिन्यात गाठलं. "अक्का, आमच्यात येतीस?"

"येईन. पण छत्रीवाल्यासकट."

पुढच्या रविवारी समोर राजवर्धनचा संघ. आज दाखवतोच, म्हणून मी रडार तापवलं. संघप्रियानं ते बंद केलं.

"चालू ठेवलं तर त्यातनं आपलाच माग लागतोय," ती दानेश्वरीला म्हणाली. "गप बसूया." मग तिनं हेडफोन काढला आणि कान आडोशाकडं केला.

फार थांबावं लागलं नाही. "गोदामात हाय मी!" राजवर्धनचा आवाज आला. गोदाम उरलं नाही.

"छत्रीवाल्याच्या रडारला तोड न्हाय," दादासो खूश होऊन म्हणाले. हे माझं दुसरं कौतुक. ते मी घेतलेलं नाही.

मित्रांनो, धूळ पुसा, तेल घाला, हे तुम्हाला इतर यंत्रं सांगतीलच. माझं मागणं साधं आहे. लपलात की गप्प बसा. आम्हालाही काही काम उरू द्या.