कवळी नंबर चारशे बारा

मी दात बनवतो. दातांचा डॉक्टर नव्हे, बरं का. डॉक्टरबाई पुढच्या खोलीत आणि मी मागच्या. पुढे लोक आ करून खुर्चीत पडतात, मागे माझ्या टेबलावर त्यांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे येतात. त्यावर मेण चढवायचं, दात बसवायचे आणि कवळी तयार करून, घासूनपुसून पुढे पाठवायची. साच्यासोबत एक चिठ्ठी असते. तिच्यावर नंबर आणि कामाच्या सूचना. नाव नाही. एकोणीस वर्षांत एकाही चिठ्ठीवर मी नाव पाहिलेलं नाही.

हा बाईंचा नियम. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "मागच्या खोलीला चेहरे नसतात. तुम्हाला जबडा कळेल, माणूस कळणार नाही. आणि चुकून कळलाच, तर कळला नाही असं समजायचं."

तेव्हा मला वाटलं होतं, बाईंचं जरा अतीच आहे. कवळी म्हणजे काय खजिन्याचा नकाशा आहे का? पण हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. माणूस वय कबूल करेल, टक्कल कबूल करेल, पण कवळी? नाव काढू नका! वीस वर्षं संसार केलेल्या बायकोलाही ठाऊक नसलेल्या कवळ्या मी केल्या आहेत.

नाव नसल्याचा एक फायदा म्हणजे नंबरांना मोकळेपणानं शिव्या देता येतात. गेल्या वर्षी चारशे बारा नंबरानं माझा जीव नकोसा केला होता. खालच्या तीन दाढांची एवढीशी कवळी, पण तीनदा परत आली. टोचते, हलते, जेवताना वाजते. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी आणि बाई जेवायला बसलो होतो.

"जबडा लहान आहे, म्हणजे बाईच असणार," मी डबा उघडत म्हणालो. "आणि उरलेल्या दाढा बघा कशा झिजवल्यात, रागानं दातओठ खाऊन खाऊन! कोण बया आहे कोण जाणे. हिच्या घरच्यांची मला खरंच कीव येते हो."

बाईंनी हातातला घास तसाच धरला. मग म्हणाल्या, "गप्प जेवा. आणि भाजी छान झालीये, ताईंना सांगा."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. घरात आम्ही दोघंच. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि ताई सतरा वर्षांची. तिनं मला वाढवलं, शिकवलं, धोपटलं आणि दिवसातून दोनदा समोर उभं राहून दात घासायला लावले. "माझे बघ," म्हणायची, "एकही किडलेला नाही. नाहीतर तू!" मी दातांच्या धंद्यात शिरलो त्याचं श्रेय ती आजही घेते. या सगळ्या धबडग्यात तिचं लग्न राहून गेलं, आणि पुढे तो विषय घरात कुणी काढला नाही.

तर अशी ही ताई, वय वर्षे पंचावन्न, एके दिवशी भांडी पुसता पुसता मला म्हणाली, "रविवारी चहाला एकजण येणार आहेत. वाचनालयात ओळख झाली. निवृत्त पोस्टमास्तर आहेत. बायको जाऊन सहा वर्षं झाली." आणि चक्क लाजली! मी तिला आयुष्यात कधी लाजताना पाहिलं नव्हतं. मला हसू आलं. म्हटलं, देवा, हिचं एवढं एक जमू दे.

रविवारी पोस्टमास्तर आले. कडक इस्त्री, हातात पुस्तक, बोलणं मऊ. मला माणूस बघताक्षणी आवडला. मग ताई काहीतरी बोलली आणि ते हसले.

तीनशे अठ्ठ्याऐंशी!

आता माझी खोड सांगतो. सगळे दात एका रांगेत लावले की कवळी ओरडून सांगते, मी कवळी आहे. म्हणून मी प्रत्येक कवळीत एखादा दात मुद्दाम किंचित तिरका लावतो. त्यामुळे दिसायला खरी दिसते, पण मला मात्र माझं काम कुठेही ओळखू येतं. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, भाजी घेताना. ओळखू आलं की मी नजर खाली घालतो. आणि तीनशे अठ्ठ्याऐंशी तर विसरणंच शक्य नव्हतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पुढच्या दोन दातांत तरुणपणी होती तशी बारीक फट हवी.' त्या फटीसाठी मी दोन दिवस घालवले होते. आता ती फट माझ्यासमोर सोफ्यावर बसून हसत होती.

नजर खाली घालायची. एवढंच करायचं होतं. पण पोस्टमास्तरांनी सफरचंदाची फोड उचलली आणि मला दिसलं की ते नुसते उजवीकडून चावतायत. म्हणजे डावीकडे कवळी उंच लागत होती. झालं! कारागिराचा किडा वळवळला. केसभर घासलं की काम झालं असतं, आणि मी मान वाकडी करून बघतच राहिलो. किती वेळ, देव जाणे.

नेमकी त्याच वेळी ताई म्हणाली, "हा माझा धाकटा भाऊ. दात बनवतो."

पोस्टमास्तरांचा चघळणारा जबडा थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी ओठ मिटले. पुन्हा उघडले ते चहापुरते. त्यात ताईला काय सुचलं कोण जाणे, टेबलावरची फुलं सारखी करत म्हणाली, "रोज ताजी आणते हो मी. नकली काही चालतच नाही मला घरात."

पाच मिनिटांत ते काम आठवलं म्हणून उठले. पुस्तक विसरून गेले.

दार लावून ताई माझ्याकडे वळली. "काय बघत होतास रे असा? चोर पकडल्यासारखा!"

"कुठे काय?"

"कुठे काय म्हणे! माणूस घाबरून पळाला. खरं सांग, मी गेले तर तुझा डबा कोण भरणार, म्हणून घालवलंस ना त्यांना?"

हे मला फार लागलं. पण मी सांगणार काय? का बघत होतो ते सांगायचं, तर त्यांचं गुपित तिच्या पदरात टाकावं लागणार. न सांगावं, तर मी स्वार्थी ठरतो आणि ज्या बहिणीनं माझ्यासाठी एकदा लग्न सोडलं, तिचं दुसऱ्यांदाही माझ्याच पायी मोडतं. म्हणालो, "ताई, तसं नाही गं. पण काय ते सांगता येत नाही." ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना गाठलं. "बाई, तो तीनशे अठ्ठ्याऐंशी नंबर..."

"कोण? मला आठवत नाही."

"अहो, फट असलेली कवळी! त्यांना एवढं सांगा ना, की मी कुणालाही काही..."

"तुम्हाला चेहरे माहीत नसतात," बाई हात धुता धुता म्हणाल्या. "आणि मला नंबर आठवत नाहीत. पुढचा साचा घ्या."

असा राग आला म्हणता! भिंतीशी बोललेलं परवडलं असतं. पण मनात कुठेतरी हेही कळत होतं की बाईंनी त्या वेळी तोंड उघडलं असतं, तर मला त्या आवडल्या नसत्या.

आठवडाभर ताई माझ्याशी बोलली नाही. डबा मात्र रोज भरला. रोज भाजीत मीठ जास्त.

पुढच्या रविवारी बेल वाजली. पोस्टमास्तर. मला वाटलं, पुस्तक न्यायला आले. ते आत आले, पण बसले नाहीत. ताईला म्हणाले, "एक विचारायचं होतं. तुमच्या भावानं माझ्याबद्दल काही सांगितलं का?"

"एक शब्द नाही," ताई फणकाऱ्यानं म्हणाली. "त्याला दातखीळ बसलीय."

पोस्टमास्तरांनी मोठा श्वास सोडला. "छत्तीस वर्षं मी लोकांची पत्रं सांभाळली. उघडं पोस्टकार्डसुद्धा कधी वाचलं नाही. दुसऱ्याचं पोटात ठेवणारा माणूस मला कळतो. मी आठ दिवस वाट बघत होतो, की तुम्ही विचाराल. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणजे ह्यांनी सांगितलं नाही. अशा घरात मीच काही लपवावं, हे बरं नाही." मग ते लालबुंद झाले. "माझे वरचे सगळे दात खोटे आहेत. नकली तुम्हाला चालत नाही, ते त्या दिवशी ऐकलं. तेव्हा काय ते..."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती वळून मोरीकडे गेली, नळाचा आवाज आला, आणि ती एक बशी घेऊन बाहेर आली. बशी तिनं पोस्टमास्तरांच्या समोर ठेवली.

"ह्या माझ्या," ती जराशी बोबडं बोलत म्हणाली. "खालच्या. फुलांचं तोंडातून निघून गेलं हो!"

मी वाकून बघितलं. तीन दाढा, आणि आतल्या बाजूला माझ्याच हातानं कोरलेला नंबर. चारशे बारा.

माझं तोंड उघडंच राहिलं. वर्षभर एका टेबलावर जेवतोय आम्ही! अख्ख्या गावाचे दात ओळखणारा मी, आणि माझ्याच घरात माझंच काम रोज माझ्यावर ओरडत होतं.

"तुला कळू द्यायचं नव्हतं," ताई माझ्याकडे न बघता म्हणाली. "जन्मभर चिडवलं असतंस. बाईंना म्हटलं, भावाला कळता कामा नये. त्या म्हणाल्या, कोण भाऊ?"

पोस्टमास्तर हसायला लागले, चांगले फट दिसेपर्यंत. ताईही हसली, पदरानं डोळे पुसत हसली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! हसणं थांबल्यावर पोस्टमास्तर हळूच म्हणाले, "डावीकडे जरा उंच लागतं हो..."

"डॉक्टरांना दाखवा," मी म्हणालो. "मला त्यातलं काही माहीत नाही."

रात्री ताईनं विचारलं, "तीनदा परत पाठवल्या रे मी त्या दाढा. करणारा वैतागला असेल का? काही बोलला असेल?"

"छे गं," मी म्हणालो. "कोण कशाला बोलतंय!"

सोमवारी डबा उघडला. मीठ बेताचं होतं. मी बाईंकडे बघितलं. हिच्या घरच्यांची कीव येते, म्हणालो होतो मी, ह्याच टेबलावर, ह्याच डब्यातलं खात, आणि ह्या बाईच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती.

"बाई," मी म्हणालो, "तो चारशे बारा नंबर..."

"मला आठवत नाही," बाई म्हणाल्या आणि माझ्या डब्यातली भाजी वाढून घेतली. "छान झालीये. ताईंना सांगा."